चूक आपण होऊन सांगावी, पण सांगणारा एकटा पडू नये

कॉलेजच्या मैदानावर रोज घडणारे नियमभंग वर्तमानपत्रात येत नाहीत. कबड्डीच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यात एक गडी कमी पडला म्हणून प्रवेश पक्का न झालेला मुलगा उतरवला जातो. पात्रता अर्जावर 'पूर्णवेळ विद्यार्थी' असे लिहिलेला धावपटू दिवसभर नोकरी करत असतो. पहिल्या फेरीत एकाच्या ओळखपत्रावर दुसराच खेळून जातो. विद्यापीठाच्या संघाचा सराव ठरलेल्या तारखेच्या आधीच सुरू होतो. यातली बहुतेक प्रकरणे 'चालतंय की' म्हणून सोडली जातात. कोणी तक्रार केलीच, तर तेवढ्यापुरता आरडाओरडा होतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

या लहान चुका पकडल्या जाण्याआधी आपण होऊन सांगाव्यात का? आणि सांगायच्या, तर कोणी सांगायच्या? प्रश्न खेळाचा वाटतो, पण तो खेळापुरता राहत नाही. कागद, वय, नाव आणि ओळख या गोष्टींशी ज्यांचा संबंध नेहमीच थोडा घाबरलेला असतो, त्या आपल्यासारख्या तरुणांनी तो नीट समजून घ्यायला हवा.

आधी जगात हे कसे चालते ते पाहू. अमेरिकेत कॉलेजचे खेळ हा प्रचंड मोठा व्यवहार आहे. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे एनसीएएने, नियमभंगांच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. ज्यातून खेळात नगण्य फायदा होतो, जी एकट-दुकट घडते, अशी चूक सगळ्यात खालच्या पायरीवर येते. अशी चूक कॉलेजने स्वतः शोधायची, स्वतः कळवायची आणि तिच्यावरचा उपायही स्वतः सुचवायचा, अशी अपेक्षा असते. यासाठी विद्यापीठांत स्वतंत्र माणसे नेमलेली असतात. चूक कळवणे हे तिथे रोजचे कारकुनी काम आहे. त्यात नाट्य नाही, अश्रू नाहीत.

या पद्धतीचे हसेही झाले आहे. ओक्लाहोमा विद्यापीठाने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या यादीत एक नोंद होती: पदवी मिळाल्याच्या मेजवानीत तीन खेळाडूंना ठरलेल्या मापापेक्षा जास्त पास्ता वाढला गेला. त्या खेळाडूंनी प्रत्येकी ३.८३ डॉलर दानधर्माला देऊन आपली पात्रता परत मिळवली. नंतर एनसीएएनेच सांगितले की हा नियमभंग नव्हताच. दुसऱ्या बाजूला नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १८ वर्षे नावापुरते वर्ग चालले. ३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी ते घेतले आणि त्यांत खेळाडूंचे प्रमाण मोठे होते. २०१७ मध्ये एनसीएएने निकाल दिला की हे वर्ग सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते, म्हणून खेळाच्या नियमांचा भंग झाला असे म्हणता येत नाही.

पास्त्याची नोंद झाली आणि खोटे वर्ग निसटले. म्हणून 'स्वतःहून कळवणे' हा शब्द ऐकताच टाळ्या वाजवायचे कारण नाही. लहान चुका मोठ्या प्रामाणिकपणे कळवून मोठ्या चुकांवर पडदा टाकता येतो. पण यावरून पद्धतच फोल आहे असेही ठरत नाही. रोज हात धुणाऱ्या माणसालाही मोठा आजार होऊ शकतो, म्हणून कोणी हात धुणे सोडत नाही.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात खेळाच्या कागदाला मोठी किंमत आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. जिथे एका प्रमाणपत्रावर आयुष्याची भाकरी ठरते, तिथे बोगस प्रमाणपत्रांचा बाजार उभा राहणारच, आणि तो राहिला. ट्रॅम्पोलिनसारख्या, गावात कोणी पाहिलाही नसेल अशा खेळाची प्रमाणपत्रे घेऊन लोक नोकरीला लागल्याचे उघड झाले. २०२२ मध्ये राज्याच्या क्रीडा आयुक्तालयाने बोगस प्रमाणपत्र घेतलेल्यांना ते ठरावीक मुदतीत आपण होऊन परत करण्याची संधी दिली. म्हणजे सरकारनेही मान्य केले की केवळ पोलिसी तपासाने हा गुंता सुटणार नाही. आत अडकलेल्या माणसाला बाहेर यायला एक दार लागते.

क्रिकेटमध्ये हे दार त्याआधीच उघडले गेले होते. ऑगस्ट २०२० मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने वयचोरीबाबत एक योजना जाहीर केली. ज्या खेळाडूने खोटी कागदपत्रे देऊन जन्मतारीख बदलली असेल, त्याने १५ सप्टेंबरपर्यंत खरी तारीख कळवावी. त्याच्यावर बंदी येणार नाही आणि खऱ्या वयाच्या गटात त्याला खेळता येईल. न सांगता पकडला गेला, तर दोन वर्षांची बंदी. राहण्याच्या ठिकाणाबाबत खोटी माहिती देणाऱ्यांना मात्र ही सवलत नव्हती. योजना म्हणून यात तीन गोष्टी चांगल्या होत्या: मुदत ठरलेली होती, सांगणारा आणि पकडला जाणारा यांच्या शिक्षेत स्पष्ट फरक होता आणि कोणत्या चुकीला दार उघडे आहे व कोणत्या नाही, हे आधीच लिहिलेले होते.

पण एक गोष्ट खटकते. योजनेची सगळी भाषा खेळाडूला उद्देशून होती. चौदा वर्षांचा मुलगा स्वतःचा खोटा जन्मदाखला स्वतः बनवत नाही. तो बाप आणतो, प्रशिक्षक सुचवतो, शाळा शिक्का मारते आणि संघटना डोळे मिटते. राहुल द्रविड यांनी २०१५ च्या पतौडी व्याख्यानात नेमका हाच मुद्दा मांडला होता: वय लपवायला लावणारी मोठी माणसेच त्या मुलाला फसवणुकीचा पहिला धडा देतात. मग कबुलीच्या कागदावर सही फक्त मुलाची का?

या प्रश्नाचा सगळ्यात अवघड चेहरा पाहायचा असेल, तर गडचिरोलीच्या टोकाला, भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाकडे पाहावे. २३ डिसेंबर १९७३ रोजी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि १९७६ मध्ये शाळा. माडिया आदिवासींच्या ज्या पिढ्यांनी त्याआधी शाळेचा फळा पाहिला नव्हता, त्यांची मुले या आणि या भागातल्या इतर आश्रमशाळांतून शिकून बाहेर पडली. आज चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ आहे. भामरागडचा एखादा मुलगा आलापल्ली-अहेरीच्या किंवा गडचिरोलीच्या कॉलेजात जातो, विद्यापीठाच्या क्रॉस कंट्रीला धावतो आणि त्याच्यापुढे पात्रता अर्ज येतो. त्यात जन्मतारीख लिहायची असते.

ही तारीख कुठून आली? जंगलातल्या गावात बाळ घरी जन्मले. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावरून वाहू लागले की भामरागडचा जगाशी संपर्क तुटतो. त्या दिवसांत जन्मलेल्या मुलाची नोंद करायला कोण जाणार? आईबाप सांगतात ते मोहाच्या मोसमावरून किंवा मोठ्या पुराच्या वर्षावरून. शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने १ जून लिहितात. महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असणाऱ्यांची संख्या इतकी मोठी आहे की त्याचा विनोद झाला आहे. आपल्या मोहल्ल्यांतही ही तारीख ओळखीची आहे. मजुरीसाठी गाव बदलणाऱ्या, घरीच बाळंतपण झालेल्या, दाखल्यासाठी पालिकेत खेटे घालायला वेळ नसलेल्या घरांतल्या कितीतरी मुलांचा कागदावरचा जन्म १ जूनचाच आहे.

समजा, अशा मुलाला पुढे लक्षात आले की आपण कागदापेक्षा दीड वर्षाने मोठे आहोत. वयाच्या मर्यादेत तो कागदावर बसतो, प्रत्यक्षात बसत नाही. नियमाच्या भाषेत तो अपात्र खेळाडू आहे. त्याने लबाडी केलेली नाही. पण गप्प राहिला, तर त्या क्षणापासून तो माहीत असून खेळतो आहे. त्याने सांगावे का?

आपले पहिले उत्तर 'हो' असेच येते आणि तत्त्व म्हणून ते बरोबरही आहे. त्याच्या मागे राहिलेला, खरोखर त्या वयाचा मुलगा कोण आहे, हा प्रश्न आपण टाळू शकत नाही. तोही बहुधा अशाच गावातला, अशाच घरातला असतो. वयचोरीचा पहिला बळी श्रीमंताचा मुलगा नसतो. शेजारच्या पाड्यावरचा, एका जागेने संघाबाहेर राहिलेला मुलगा असतो. 'आपण गरीब, आपल्याला सगळे माफ' असे म्हणणे म्हणजे आपल्यासारख्याच दुसऱ्या गरिबाच्या ताटातले काढून घेणे.

पण तत्त्व बरोबर असले तरी सांगण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. पुण्याच्या मोठ्या कॉलेजातला मुलगा 'माझ्या कागदात चूक आहे' म्हणाला, तर ती चूक ठरते. भामरागडचा माडिया मुलगा तेच म्हणाला, तर 'यांचे दाखले असेच असतात' अशी कुजबुज सुरू होते. आपल्यातला कोणी म्हणाला, तर आज काय होते हे सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिरा नोंदलेल्या जन्माचे दाखले देणे थांबवले आणि मालेगावच्या दाखल्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले. खोटे दाखले असतील तर त्यांची चौकशी व्हायलाच हवी, यात दुमत नाही. पण त्या वातावरणात खरी तारीख लावून घेऊ इच्छिणाऱ्या मुलाने काय धडा घेतला? कागदाला हात लावू नकोस. चुकीचा असला तरी आहे तसा राहू दे. दुरुस्तीचा अर्ज हाच जर संशयाचा पुरावा ठरणार असेल, तर शहाणा माणूस गप्प बसतो. मग व्यवस्थेला प्रामाणिक माणसे भेटत नाहीत म्हणून रडण्यात अर्थ नाही.

अशा वेळी आपण थोरांच्या गोष्टी सांगतो. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्धच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत पंचांनी बॉब टेलरला बाद दिले. चेंडू बॅटला लागला नव्हता असे वाटल्याने कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी त्याला परत बोलावले. टेलर आणि बोथमने १७१ धावांची भागी केली आणि भारत तो सामना दहा गडी राखून हरला. ही गोष्ट सुंदर आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. पण विश्वनाथ त्या दिवशी देशाचे कर्णधार होते, नावाजलेले फलंदाज होते. सामना गेला तरी त्यांचे स्थान गेले नाही. एकोणीस वर्षांच्या, पहिल्यांदा तालुक्याबाहेर पडलेल्या मुलाकडून त्याच मोठेपणाची अपेक्षा करून आपण हात झटकून मोकळे होतो. चांगली व्यवस्था असामान्य माणसांच्या भरवशावर उभी नसते. सामान्य माणसाला खरे बोलणे परवडेल, अशी ती असावी लागते.

हे कसे करायचे, याचे उत्तर मला खेळाबाहेर जास्त स्पष्ट दिसते. अमेरिकेत १९७६ पासून विमान वाहतुकीसाठी एक यंत्रणा आहे. वैमानिकाकडून नकळत नियमभंग झाला आणि त्याने तो दहा दिवसांच्या आत कळवला, तर नियमभंग सिद्ध झाला तरी सहसा दंड होत नाही. गुन्हा किंवा मुद्दाम केलेले कृत्य असेल, तर ही सवलत नाही. विशेष म्हणजे हे अहवाल दंड करणाऱ्या खात्याकडे थेट जात नाहीत. ते नासा ही तिसरीच संस्था गोळा करते आणि नावे काढून टाकते. त्या लाखो अहवालांतून धावपट्टीच्या खुणा बदलल्या, सूचनांची भाषा बदलली. सॉफ्टवेअरच्या धंद्यातही चांगल्या चमू हेच करतात. यंत्रणा बंद पडली की पहिला प्रश्न 'कोणी केले' हा नसतो, 'हे घडू कसे शकले' हा असतो. ज्या चमूत पहिला प्रश्न 'कोणी' असतो, तिथे पुढच्या वेळी बिघाड दोन दिवस उशिरा कळतो. माणसे तिथे वाईट असतात असे नाही. ती फक्त हिशेबी होतात.

हे कॉलेजच्या मैदानावर आणायला संसदेचा कायदा लागत नाही. पाच गोष्टी पुरेत.

पहिली, चुकांच्या पायऱ्या आधी लिहून ठेवाव्यात. सरावाची तारीख चुकली, अर्जात तपशील राहिला, ही पहिली पायरी: दुरुस्ती आणि समज. अपात्र खेळाडू नकळत खेळला, ही दुसरी: त्या सामन्याचे गुण जातील, मुलाचे वर्ष जाणार नाही. जाणूनबुजून खोटा कागद किंवा दुसऱ्याच्या नावावर खेळणे, ही तिसरी: तिला बंदी हवीच. शिक्षा आधी माहीत असेल, तर सांगणाऱ्याला अंधारात उडी मारावी लागत नाही.

दुसरी, कळवण्याची जबाबदारी कॉलेजची असावी. खेळाडूने शारीरिक शिक्षण संचालकांना सांगावे. तिथून पुढे विद्यापीठाला पत्र कॉलेजच्या नावाने जावे. ज्याच्या हातात शिक्का आहे, त्याचीच सही पहिली हवी. अर्जावर बोनाफाईडचा शिक्का मारताना कॉलेजने काही तपासलेच नसेल, तर ती चूक एकट्या मुलाची कशी?

तिसरी, सांगणे आणि सापडणे यांत फरक दिसला पाहिजे. दोघांना एकच शिक्षा असेल, तर पुढच्या वर्षी सांगायला कोणी येणार नाही. हा फरक कागदावर नको, पहिल्याच प्रकरणात दिसायला हवा.

चौथी, जन्मतारखेची दुरुस्ती आणि वयचोरी या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात. शाळा सोडल्यावर दाखल-खारीज रजिस्टरमधली तारीख बदलणे फार अवघड असते. म्हणून खरे काम आश्रमशाळेत आणि पालिकेच्या शाळेत, मूल पाचवी-सहावीत असतानाच व्हायला हवे. अंगणवाडीची नोंद, लसीकरणाचे कार्ड, ग्रामपंचायतीचे रजिस्टर ताडून पाहायला शिक्षकाला एक दुपार पुरते. मनगटाच्या एक्स-रेवरून काढलेले हाडांचे वय हा शेवटी अंदाज आहे. कुपोषण आणि कष्ट पाहिलेल्या शरीरावर त्यावरून गुन्ह्याचा शिक्का मारू नये.

पाचवी, नोंदी दरवर्षी नावे वगळून जाहीर कराव्यात. किती चुका कळवल्या, कोणत्या प्रकारच्या, काय दुरुस्त केले. ज्या कॉलेजची यादी वर्षानुवर्षे कोरी आहे, तिथे सगळे संत खेळतात असे मानू नये. तिथे विचारायला जावे. पास्त्याची नोंद आहे आणि खोट्या वर्गांची नाही, हेही अशी यादी समोर असली तरच कोणाला दिसते.

आता आपल्याविषयी. आपल्या मोहल्ल्यांत टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, कबड्डीचे सामने होतात, कॉलेजात आपली मुले खेळतात. 'उसना खेळाडू' आणणे तिथे चलाखी समजली जाते. कोणी आतून बोट दाखवले, की त्याला ऐकवले जाते: बाहेरचे आधीच आपल्यावर टपले आहेत, तू आणखी त्यांच्या हातात कोलीत का देतोस? ही भीती खोटी नाही. एकाच्या चुकीचा हिशेब सगळ्यांच्या नावावर लावला जातो, हा आपला रोजचा अनुभव आहे. पण या भीतीचा फायदा कोणाला होतो, हे पाहा. कमिटीतल्या ज्या चार जणांनी उसना खेळाडू आणला, त्यांना. बदनामीच्या धाकाने गप्प बसणारा समाज बदनामीतून वाचत नाही. फक्त त्याच्या आतल्या दांडग्यांना मोकळे रान मिळते.

म्हणून सुरुवात तिथून करता येईल, जिथे शिक्षा देणारे आणि घेणारे आपणच आहोत. येत्या हंगामात एखाद्या मोहल्ल्याच्या स्पर्धेने नियमाच्या कागदावर एवढेच छापावे: सामना संपल्यापासून एका दिवसात संघाने स्वतः कळवलेल्या चुकीसाठी गुण कापले जातील, संघ बाद होणार नाही, लपवलेली चूक सापडली तर संघ बाद. पहिला संघ पुढे आला, की त्याला हसू नका आणि त्याचा हार घालून सत्कारही करू नका. गुण कापा, वहीत लिहा आणि पुढचा सामना लावा. ही गोष्ट इतकी साधी झाली पाहिजे.

आणि कॉलेजात शिकणाऱ्यांनी एक काम करावे. आपल्या शारीरिक शिक्षण संचालकांना विचारावे: आमच्याकडून नियम मोडला गेला, तर तो कळवायचा कागद कोणता? बहुतेक ठिकाणी असा कागदच नाही असे उत्तर मिळेल. तो तयार करायला मदत करा. भामरागडहून आलेल्या, १ जूनला जन्मलेल्या मुलाला उद्या खरे बोलायचे असेल, तर त्याच्या हातात तो कागद असावा आणि त्यावर त्याच्याआधी कोणा मोठ्याची सही झालेली असावी.